नोकरभरतीची वही आणि चालता हिशेब

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस लेख मागितला तेव्हा आमची अशी समजूत झाली की, ज्वारी-तुरीच्या बाजारासंबंधी नेहमीप्रमाणे चार शब्द लिहावयाचे आहेत. परंतु मंडळातील तरुण सभासदांनी विषय दिला तो निराळाच. सभासदांच्या मुलामुलींकरिता आपल्या असोसिएशनचा जो नोकरी-मार्गदर्शन कक्ष आहे, त्याच्या नोंदी संगणकावर आणून त्यांतून घटकेघटकेला आपोआप आकडेवारीचा तक्ता निघावा, अशी योजना त्यांनी मांडली आहे. आणि गेल्या वर्षी हैदराबादेस असे एक काम आम्ही जवळून पाहिले असल्याने त्याची माहिती सोप्या शब्दांत सभासदांपुढे ठेवावी, अशी त्यांची इच्छा आहे. आम्ही जुने मॅट्रिक. संगणकाच्या आज्ञा आम्हांस लिहिता येत नाहीत. तथापि चाळीस वर्षांहून अधिक काळ बेळगावच्या रविवार पेठेत वह्या लिहिल्या आणि तपासल्या, आणि हैदराबादेस जे पाहिले ते अखेर वह्यांचेच प्रकरण निघाले. त्या बळावर हे धाडस करीत आहोत.

नोकरभरती संस्थेचा धंदा आपल्या अडतीसारखाच आहे. एका बाजूस माणसे हवी असलेल्या कंपन्या, दुसऱ्या बाजूस काम हवे असलेले उमेदवार, आणि मध्ये गाठ घालून देऊन मोबदला घेणारी ही संस्था. तिला वह्या ठेवाव्या लागतात त्या मुख्यत्वे पाच: कंपन्यांची, रिकाम्या जागांची, उमेदवारांची, शिफारशींची आणि नेमणुकांची. यांतील शिफारशींची वही वरवर पाहता दुय्यम वाटते, परंतु साऱ्या हिशेबाचा सांधा तेथेच आहे. एक उमेदवार पाच जागांसाठी पाठविला जातो आणि एका जागेसाठी वीस उमेदवार जातात. तेव्हा अमुक उमेदवार अमुक जागेसाठी अमुक तारखेस पाठविला, ही ओळ स्वतंत्रपणे लिहिली नाही, तर पुढे बेरीज घेताना एकच माणूस पाच वेळा मोजला जातो. या साऱ्या वह्या एकत्र राखणाऱ्या संगणकीय प्रणालीस भरतीचे सीआरएम म्हणतात. अमेरिकेतील कंपन्यांसाठी माणसे शोधणाऱ्या संस्थांत १९९९ साली बोस्टन येथे सुरू झालेल्या बुलहॉर्न या कंपनीची प्रणाली बरीच रूढ आहे. आपल्याकडे चेन्नईच्या झोहो कंपनीचीही अशी एक प्रणाली मिळते.

या वहीतून साधी मोजदाद तिची तीच करून देते. किती जागा आल्या, किती भरल्या, किती उमेदवार पाठविले, हे बटण दाबताच कळते. परंतु जागा भरण्यास साधारणतः किती दिवस लागतात, त्या दिवसांत खरोखर फरक पडला की तो योगायोग आहे, असे प्रश्न निघाले म्हणजे संख्याशास्त्राची वेगळी प्रणाली लागते. तिच्यातील एक प्रसिद्ध प्रणाली ‘आर’ या एकाक्षरी नावाची. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात ती रचली; दोघांच्या नावांचे आद्याक्षर तेच तिचे नाव. तिची पहिली पक्की आवृत्ती २००० साली निघाली. ती फुकट मिळते. फुकट मिळणाऱ्या मालाकडे आम्ही व्यापारी स्वभावतः संशयाने पाहतो. पण जगभरच्या विद्यापीठांतून तिच्यावर काम चालते असे कळल्यावर आम्ही तो संशय आवरला.

आता मुख्य प्रश्न, या दोहोंची जोडणी कशी करावयाची. सर्वांत जुनी रीत म्हणजे कारकुनाने रोज वहीची नक्कल काढून दुसऱ्या प्रणालीत नेऊन टाकणे. ही रीत वाईट नाही. पण पहिल्या महिन्यात नक्कल रोज निघते, दुसऱ्यात सोमवारी निघते, आणि तिसऱ्यात मालकाने विचारले म्हणजे निघते. दुसरी रीत एपीआय या नावाने ओळखली जाते. दुकानाच्या मागील बाजूस एक खिडकी ठेवावी, तेथे बाहेरच्या माणसाने येऊन परवाना दाखवावा, ठरावीक शब्दांत मागणी करावी आणि आतून ठरावीक मांडणीतच उत्तर मिळावे, तसा हा प्रकार आहे. माणसाचा हात कोठेही लागत नाही. हा परवाना, ज्यास टोकन म्हणतात, तो फार अल्पायुषी असतो. झोहोकडे तो तासाभराने लोपतो, बुलहॉर्नकडे तर दहाच मिनिटांनी. आणि तो पुनःपुन्हा नवा करून घेण्याची आज्ञाही लिहून ठेवावी लागते.

येथेच आमच्या पुतण्याची पहिली फजिती झाली. हैदराबादेत अशा अनेक संस्था आहेत की ज्या अमेरिकेतील कंपन्यांसाठी माणसे शोधतात, आणि तेथील दिवस तो आपली रात्र असल्याने रात्रभर काम करतात. आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त तेथेच स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव अशाच एका संस्थेत शाखेचे दुय्यम प्रमुख आहेत. त्यांनी मोठ्या हौसेने भिंतीवर एक मोठा पडदा लावून त्यावर चालत्या आकड्यांचा फलक उजळविला. मालक खूश झाले. दोन दिवस फलक तसाच झळकत होता. तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी ध्यानात आले की, आकडे पहिल्या दहा मिनिटांनंतर हललेच नाहीत. परवाना संपला होता आणि नवा घेण्याची तजवीज केलेली नव्हती. बंद पडलेले घड्याळ निदान टिकटिक करीत नाही. बंद पडलेला फलक मात्र चालत्या फलकासारखाच दिसतो. तेव्हापासून त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात, शेवटची खबर किती वाजता आली, ती वेळ ठळक अक्षरांत दाखविण्याची सोय केली. हा इलाज साधा आहे, परंतु आमच्या मते साऱ्या कामात तो पहिल्या दिवशीच व्हावयास हवा होता.

दुसरी अडचण पुसलेल्या ओळींची. दर वेळी संपूर्ण वही खिडकीतून मागविली तर फार वेळ जातो. म्हणून मागील खेपेनंतर ज्या ओळींत बदल झाला तेवढ्याच मागवावयाच्या, अशी पद्धत आहे. ती योग्यच होय. मात्र जी ओळ मूळ वहीतून काढूनच टाकली, ती बदललेल्या ओळींच्या यादीत येणार कशी? मूळ वहीत ती नाही आणि नकलेत मात्र ती जिवंत, असा प्रकार होऊन नकलेतील बेरीज हळूहळू फुगत जाते. यासाठी काही प्रणालींत नवी ओळ, बदललेली ओळ आणि काढलेली ओळ या तिहींची वर्दी वेगळी देण्याची व्यवस्था असते. ती नसल्यास आठवड्यातून एकदा मूळ वही आणि नक्कल समोरासमोर ठेवून ताळा घ्यावा. व्यापाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

तिसरी अडचण ऐकून आम्हांस हसू आले. त्या प्रणालीच्या पोटात वेळ लिहिली जाते ती ग्रीनिचच्या घड्याळाने, १ जानेवारी १९७० पासून किती सहस्रांश सेकंद लोटले या रूपात. पुतण्याने तिचे मोठ्या दक्षतेने भारतीय वेळेत रूपांतर केले, म्हणजे साडेपाच तास मिळविले. आता पाहा, या मंडळींची पाळी सायंकाळी सातला सुरू होऊन पहाटे चारला संपते. भारतीय तारखेप्रमाणे रात्री बाराला दिवस बदलतो. परिणामी ऐन कामाच्या भरात, सर्व जण फोनवर बोलत असताना, बाराचा ठोका पडला की फलकावरील प्रत्येकाचे ‘आजचे काम’ शून्यावर येई! ग्रीनिचची वेळ तशीच राहू दिली असती तर हीच पाळी दुपारी दीड ते रात्री साडेदहा अशी एकाच तारखेत बसली असती. शेवटी त्यांनी दुकानाचा दिवस दुपारी बारापासून दुसऱ्या दुपारी बारापर्यंत धरला. आपल्याकडेही कित्येक पेढ्यांतून रात्री उशिरा उतरलेला माल आदल्या दिवसाच्या नावे लिहितात. दिवस कोणता धरावयाचा हे धंद्याने ठरवावे, घड्याळाने नव्हे.

फलक किती चालता असावा याविषयीही दोन शब्द. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या पॉवर बीआय या प्रचलित प्रणालीत साध्या वर्गणीवर नक्कल दिवसातून आठच वेळा आपोआप ताजी करता येते. थेट मूळ वहीत डोकावण्याची सोय निराळी. त्या मालकांस दर मिनिटाचा आकडा हवा होता. जी जागा भरण्यास आठवडे लागतात तिचा हिशेब दर मिनिटाला पाहून काय साधावयाचे, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. उमेदवाराची मुलाखत आज किती वाजता, तो पोहोचला की नाही, अशा गोष्टींना पाव तासाची खबर उपयोगी पडते हे मान्य आहे. बाकीच्यांना रोजची एक पुरे.

असो. आम्ही तेथे गेलो ते घरच्या मंगलकार्यानिमित्त, आणि पुतण्याच्या आग्रहास्तव एके रात्री त्याचे कार्यालय पाहावयास गेलो. पडद्यावर प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावापुढे एक पट्टी होती. त्याने जागा भरण्यास सरासरी किती दिवस लावले ते तीत दाखविलेले. एका गृहस्थांची पट्टी सर्वांत आखूड आणि हिरवी. एका भगिनीची सर्वांत लांब आणि तांबडी. ती मुलगी नांदेडकडची, मराठी बोलणारी. आम्ही बेळगावचे म्हणताच तिने उठून नमस्कार केला आणि पाणी आणून दिले. परत येताना गाडीत पुतण्या गप्प होता. विचारता तो म्हणाला, “काका, सोमवारी तिला पत्र द्यायचं आहे. मालकांनी सही केली आहे. फलकावर सगळ्यांत मागे तीच आहे, आणि फलक मीच बनवला आहे.”

आम्ही त्यास एवढेच विचारले, “ज्या जागा भरल्याच नाहीत, त्यांचे दिवस कोणाच्या नावे मांडलेस?” तो म्हणाला, “त्या अजून भरल्या नाहीत, मग त्यांचे दिवस मोजणार कसे?”

हा प्रश्न आम्हांस सुचला याचे श्रेय बुद्धीस नाही, ठेच लागल्याचे आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या दुकानी एक हिशेब निघाला होता की, उधारीचा माल दिल्यापासून पैसे येण्यास सरासरी अठ्ठावीस दिवस लागतात. आम्ही समाधान मानले आणि उधारीचा हात सैल सोडला. तो अठ्ठावीसचा आकडा ज्यांनी पैसे दिले त्यांच्यावरून काढलेला होता. ज्यांनी दिलेच नव्हते ते त्यात नव्हतेच. एका गिऱ्हाइकाकडे त्या वर्षी हरभऱ्याच्या तीन गाड्यांचे येणे बुडाले, आणि बुडाले तरी सरासरीत त्याचा एक दिवसही कधी चढला नाही.

त्याच रात्री जेवणानंतर पुतण्याने संगणक उघडला. त्या हिरव्या पट्टीच्या गृहस्थांच्या नावावर सोप्या जागा झटपट भरलेल्या होत्या, आणि अवघड जागा महिनोन्‌महिने रिकाम्या पडून होत्या. रिकाम्या म्हणून त्या सरासरीत नव्हत्या. इतकेच असते तरी ठीक. परंतु अशी जागा फार दिवस अडकली की शाखाप्रमुख ती त्या मुलीच्या स्वाधीन करीत. स्वाधीन केली की वहीत ‘जबाबदारी कोणाची’ या रकान्यात जुने नाव पुसून तिचे नाव येई. जागा उघडल्याची तारीख मात्र जुनीच राही. साठ दिवस दुसऱ्याच्या हाती पडून राहिलेली जागा तिने बाराव्या दिवशी भरली, की फलकावर तिच्या नावे बहात्तर दिवस! तिने ती भरलीच नसती, तर तिच्या नावे काहीच चढले नसते. म्हणजे जो काम टाकून देतो तो हिरवा, आणि जी टाकलेले काम पुरे करते ती तांबडी. यंत्राने एकही बेरीज चुकविली नव्हती.

येथे या विषयातील मर्म आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. भरतीची वही ही स्थितीची वही असते. आजची स्थिती लिहिताना कालची पुसली जाते: ‘पाठविला’ पुसून ‘मुलाखत’ येते, ‘मुलाखत’ पुसून ‘निवड’ येते. रोजचे काम चालविणाऱ्यास एवढे पुरते, कारण त्याला आज कोण कोठे आहे हेच पाहावयाचे असते. संख्याशास्त्राला मात्र प्रवास हवा असतो. केव्हा कोठून कोठे गेले, कोणाच्या हातून कोणाच्या हाती. आपल्या भाषेत बोलावयाचे तर गोदामात आज पोती किती हे पाटीवर लिहून भागत नाही, रोजकीर्द हवी. सुदैव असे की चांगल्या प्रणालीत ही रोजकीर्दही असते. बुलहॉर्नमध्ये स्थितिबदलांचा इतिहास वेगळ्या तक्त्यांत तारीखवेळेसह ठेवला जातो. पण जोडणी करणारे तरुण सहसा मुख्य तक्तेच जोडतात, कारण फलकावर सुंदर दिसणारे आकडे तेथूनच निघतात. आमच्या पुतण्यानेही तेच केले होते. इतिहासाचा तक्ता जोडताच प्रत्येक जागा किती दिवस कोणाच्या हाती होती, हे ओळीने बाहेर आले.

आता उरला प्रश्न न भरलेल्या जागांचे दिवस मोजण्याचा. त्यास उत्तर आहे, आणि ते ‘आर’ प्रणालीत तयार मिळते. उदाहरणादाखल दहा जागा घेऊ. पाच भरल्या, त्या १०, १५, २०, २५ आणि ३० व्या दिवशी. पाच अद्याप रिकाम्या. त्यांना आजपावेतो १२, ४०, ६०, ७० आणि ९० दिवस झाले आहेत. भरलेल्यांची सरासरी २० दिवस येते, आणि संस्था कंपनीस सांगते की आम्ही वीस दिवसांत माणूस देतो. परंतु प्रत्येक टप्प्यावर किती जागा खरोखर मोजणीत होत्या ते पाहा. दहाव्या दिवशी दहांपैकी एक भरली, म्हणजे रिकाम्या राहण्याचे प्रमाण शेकडा ९०. बाराव्या दिवसापर्यंतच जिचा अनुभव आहे ती जागा पुढील मोजणीतून मानाने बाजूस होते. ती भरली असे धरावयाचे नाही आणि भरणार नाही असेही नाही. मग पंधराव्या दिवशी आठ जागांपैकी एक भरली. ९० चे सात-अष्टमांश म्हणजे ७८.७५. विसाव्या दिवशी सातांपैकी एक, उरले ६७.५. पंचविसाव्या दिवशी सहांपैकी एक, उरले ५६.२५. तिसाव्या दिवशी पाचांपैकी एक, उरले ४५. याचा अर्थ निम्म्या जागा भरण्यास तीस दिवस लागतात, आणि त्या पुढेही शेकडा पंचेचाळीस रिकाम्याच आहेत. वीस दिवसांच्या वचनात आणि या चित्रात अंतर किती, ते सभासदांनीच पाहावे.

ही रीत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या दोघा अमेरिकनांच्या नावे प्रसिद्ध आहे. त्यांचा निबंध १९५८ साली अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात आला. कॅप्लन यांच्यापुढे प्रश्न होता तो समुद्रतळातील दूरध्वनीच्या तारांत बसविलेल्या नळ्या किती काळ टिकतात याचा. मायर यांच्यापुढे कर्करोगाच्या रुग्णांचा. दोघांनी स्वतंत्रपणे लिहिले आणि मग एकत्र केले. नळी अद्याप जळत आहे, रुग्ण अद्याप जिवंत आहे, म्हणून त्याचे दिवस वगळावयाचे काय, हा दोघांचा पेच एकच होता. रिकामी जागा आणि न आलेली उधारी याच पंक्तीत बसतात. या शाखेस सर्व्हायव्हल ॲनालिसिस म्हणतात, आणि ‘आर’मध्ये सर्व्हायव्हल नावाचीच एक जोड-पेटी आहे, ती हे गणित निमिषात करते.

एका गोष्टीत मात्र यंत्रावर सोडून चालत नाही. कंपनीने जागाच रद्द केली तर? ती भरली नाही, आणि रिकामीही राहिली नाही. तिला त्या तारखेपुरती मोजून बाजूस काढण्याची वहिवाट आहे. पण आम्ही उमेदवार वेळेवर दिला नाही म्हणून कंपनी कंटाळून दुसऱ्याकडे गेली असेल, तर ती जागा बिनदोष बाजूस काढणे म्हणजे बुडीत येणे गुपचूप वहीबाहेर करणे होय. म्हणून रद्द होण्याचे कारण लिहिणारा रकाना हवा, आणि तो जागा सांभाळणाऱ्याने नव्हे तर दुसऱ्या कोणीतरी भरावा.

तसेच, माणसागणिक पट्टी दाखवावयाची तर जागा किती यावर ती विसंबते. चार जागांवरून काढलेला आकडा एका जागेने उलटापालटा होतो. ‘आर’ प्रणाली आकड्याभोवती एक रुंद पट्टा काढून देते, की खरा आकडा या दरम्यान कोठेतरी असण्याचा संभव आहे. पुतण्याने तो पट्टा प्रथम वगळला होता, कारण मालकांस तो गोंधळाचा वाटे. गोंधळाचा वाटतो तेव्हाच तो दाखविणे अगत्याचे असते. शिवाय जो दर मिनिटास पाहतो त्याला कधी ना कधी निव्वळ योगायोगाने प्रत्येक जण तांबडा दिसणारच. तराजूचा काटा डोलत असताना वजन वाचणारा तोलारी कोणत्या पेढीवर टिकेल?

सोमवारी ते पत्र दिले गेले नाही. नवा तक्ता पाहून मालक आता हिरव्या गृहस्थांवर घसरले, आणि तेव्हाही पुतण्याने आमच्या सांगण्यावरून हात आड घातला. अडलेले काम पुढे ढकलल्याने आपला आकडा सुधारतो हे त्या गृहस्थांस फलकानेच शिकविले होते. ज्या मापाने मोजले त्या मापाप्रमाणे ते वागले. ती मुलगी चार-पाच महिन्यांनी पुण्यास अधिक पगारावर गेली. जाताना तिने पुतण्यास विचारले म्हणे की, पहिल्या फलकाबद्दल तुम्ही मला कधी का विचारले नाही? त्यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आम्हांसही सुचले नाही.

उमेदवारांच्या खासगी माहितीविषयी थोडक्यात. दिवस मोजण्यास नाव, मोबाइल क्रमांक, जन्मतारीख लागत नाही. उमेदवाराचा अनुक्रमांक पुरतो. खिडकीतून तेवढेच बाहेर न्यावे. आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. कायदा नसता तरी, सभासदांच्या उपवर मुलींचे क्रमांक भिंतीवरच्या पडद्यामागे फिरत राहावेत हे आपणांपैकी कोणास रुचले असते, असे वाटत नाही.

आता आपल्या कक्षाकडे वळू. तेथील वही आम्ही मुद्दाम जाऊन पाहिली. नाव, शिक्षण, मोबाइल, आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने ‘लागली’ किंवा काहीच नाही. कोणाला केव्हा कोठे पाठविले, मुलाखत झाली की नाही, कोणत्या सभासदाने पाठपुरावा केला, हे लिहिणाऱ्याच्या स्मरणात आहे. आणि लिहिणारे आमचे स्नेही आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. ही वही आहे तशी कितीही उत्तम प्रणालीस जोडली, तरी पडद्यावर जे उजळेल ते रिकामेच असेल. तरुण सभासदांचा उत्साह आम्हांस मान्य आहे आणि खर्चाचा प्रश्नही मोठा नाही. आमची सूचना एवढीच की, येत्या पाडव्याच्या वहीपूजनापासून कक्षात शिफारशींची स्वतंत्र वही घालावी, प्रत्येक स्थितिबदलास एक नवी ओळ व तिच्यापुढे तारीख आणि नोंद करणाऱ्याची सही असावी, जुनी ओळ कोणीही खोडू नये, आणि असे सहा महिने कागदावर चालल्यावर मग जोडणीचे काम हाती घ्यावे. त्या कामी मदत करण्याचे आमच्या पुतण्याने कबूल केले आहे. दिवस कोणता धरावयाचा हे तो आता आधी विचारतो.

तूर्त जुन्या वहीत ज्या मुलामुलींच्या नावापुढील रकाना रिकामा आहे, परंतु ज्यांना प्रत्यक्षात नोकरी लागून गेली आहे, त्यांच्या पालकांनी रुजू झाल्याची तारीख कक्षात कळवावी. तारीख आठवत नसल्यास नेमणुकीच्या पत्रावर ती असते. ज्यांना अद्याप लागलेली नाही त्यांनीही तसे कळवावे. त्यांचे दिवस मोजणीत यावयाचे आहेत.